इंटरनेट घेताना विचारायचे तीन प्रश्न

पप्पा कुवेतला असतात. शुक्रवारी त्यांना सुट्टी, म्हणून त्या रात्री आमचा व्हिडिओ कॉल ठरलेला. ते आम्हाला स्पष्ट दिसायचे, पण त्यांना मात्र मम्मीचा चेहरा अडकलेलाच दिसायचा. आणि प्लॅन तर १०० एमबीपीएसचा!

चौकशी केल्यावर कळलं, जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो डाउनलोडचा वेग. आपलं चित्र पलीकडे जातं ते अपलोडवर, आणि आमच्या जुन्या केबल-लाइनवर तोच तुटपुंजा होता. फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये दोन्ही वेग सारखे मिळतात. म्हणून पहिला प्रश्न : अपलोड किती?

दुसरा : हातात बिल किती येणार? ४९९ रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरला की ५८९ होतात. राउटरचं भाडं, जोडणीचा खर्च, सहा महिन्यांचे आगाऊ पैसे हेही विचारून घ्या.

तिसरा : 'अनलिमिटेड' म्हणजे किती? बहुतेक प्लॅनमध्ये ठरलेला डेटा संपला की वेग एकदम उतरतो.

शेवटी शेजाऱ्यांना विचारा, रात्री नऊला कसं चालतं? आम्ही तसंच करून कंपनी बदलली. गेल्या शुक्रवारी पप्पा म्हणाले, "अगं, तू बारीक झालीस की!"