आलेखाच्या पोटातला तक्ता

कुंभकोणम्‌च्या आसपासच्या कावेरीकाठच्या शेतकऱ्याला पंचांग आणि मेट्टूर धरणाची पातळी यांपैकी आधी काय पाहतोस असे कोणी विचारले, तर उत्तराला तो फार वेळ घेईल असे वाटत नाही. कारण सेलम जिल्ह्यातील, १९३४ साली पुऱ्या झालेल्या या धरणाचे दरवाजे रिवाजाप्रमाणे १२ जूनला उघडले, तरच कुरुवै हे भाताचे अल्पमुदतीचे पीक वेळेवर उभे राहते. धरणाची पातळी, साठा, आवक आणि विसर्ग यांची नोंद रोजच्या रोज होते. आणि अशा नोंदींच्या तक्त्यावरून पायथॉन या संगणकीय भाषेत, प्लॉटलीसारख्या एखाद्या लायब्ररीच्या साहाय्याने, संवादी आलेख काढणे आज मुळीच अवघड राहिलेले नाही. माऊसचा बाण नेला की आकडा दिसतो, ओढून निवडले की तेवढाच कालखंड मोठा होतो, नावावर टिचकी मारली की रेषा दिसेनाशी होते. हे सारे चार-पाच ओळींत साधते, आणि नेमक्या या सुलभतेतूनच काही समज रूढ झाले आहेत, ज्यांची खातरजमा करून घेणे इष्ट.

पहिला आणि सर्वांत घातक समज असा की, तक्ता हाती दिला म्हणजे त्यातला अर्थ लायब्ररीला आपोआप कळतो. वस्तुस्थिती पाहण्यासाठी दरवाजे उघडल्याच्या तारखांचाच तक्ता घेऊ: १२-०६-२०२०, १२-०६-२०२१, २४-०५-२०२२, १२-०६-२०२३, २८-०७-२०२४. आपल्याकडे आधी दिवस व मग महिना लिहिण्याची चाल आहे. परंतु तक्ते हाताळणारी पांडाज ही लायब्ररी, निराळी सूचना नसल्यास, अशा मजकुरात आधी महिना आहे असे गृहीत धरते. सबब १२ जूनचा ६ डिसेंबर होतो. चोविसावा किंवा अठ्ठाविसावा महिना अस्तित्वात नसल्याने तिसरी आणि पाचवी तारीख मात्र जुन्या आवृत्त्या बरोबर वाचत, आणि परिणामी असा आलेख तयार होई की ज्यात धरण दोन वर्षे मे-जुलैत व तीन वर्षे ऐन डिसेंबरात, म्हणजे कुरुवैची कापणी होऊन गेल्यावर, उघडलेले दिसावे! २०२३ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून पांडाज पहिल्या तारखेवरून धाटणी ठरवते आणि तिसरीपाशी अडखळून चूक जाहीर करते, ही सुधारणाच म्हणायची. पण तक्त्यातल्या साऱ्या तारखा बारा किंवा त्याखालच्या असतील, तर आजही ती निमूटपणे डिसेंबरच दाखवील. तारखेची धाटणी आपण स्पष्ट लिहून देणे, हा यावरचा एकमेव भरवशाचा उपाय आहे.

बरे, तारखा नीट वाचल्या गेल्या आणि वर्षावर्षांची तुलना करण्यासाठी प्रत्येक तारखेचे वर्षातील दिवसाच्या क्रमांकात रूपांतर केले, तरी बाण टेकवल्यावर २०२० सालापाशी १६४ व २०२१ सालापाशी १६३ असा आकडा दिसतो, आणि अनभिज्ञ वाचक २०२० साली दरवाजे एक दिवस उशिरा उघडले असे समजतो. वास्तविक दोन्ही वर्षी तारीख १२ जूनच होती, फरक फेब्रुवारीच्या एकोणतिसाव्या दिवसाचा. आलेख संवादी असल्याने आकडा अधिक अचूक दिसतो हे खरे, परंतु तो कशाचा आकडा आहे हे सांगण्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही.

रिकाम्या रकान्यांविषयीही असाच घोटाळा आढळतो. एखाद्या दिवसाची ओळ आहे पण पातळीचा रकाना कोरा आहे, तर प्लॉटली तिथे रेषा तोडते. ती ओळच तक्त्यात नसेल, तर आदल्या दिवसापासून नंतरच्या दिवसापर्यंत सरळ रेघ बेमालूम ओढून मोकळी होते. आणि कोऱ्या जागी कोणा दक्ष कारकुनाने शून्य भरले असेल, तर धरण एका रात्रीत रिते होऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा भरते.

रकान्याच्या निवडीचा प्रश्न तर याहून मूलभूत आहे. मेट्टूरची पूर्ण पातळी १२० फूट आणि पूर्ण साठा ९३.४७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. यावरून ६० फुटांवर धरण निम्मे भरले असे अनुमान काढणारे पुष्कळ भेटतात. पण जलाशय तळाशी अरुंद व वर विस्तीर्ण असल्याने त्या पातळीला साठा निम्म्याच्या बराच खाली असतो. ज्याला पाणी किती पुरेल हे सांगायचे आहे, त्याने साठ्याचाच आलेख काढावा. पातळीचा आलेख कितीही हलताबोलता केला, तरी त्या प्रश्नाचे उत्तर देणार नाही.

असे आलेख पाहायला इंटरनेट लागते आणि आपली आकडेवारी कोणा परकीय कंपनीच्या सर्व्हरवर जाते, हा समज मात्र एके काळी अगदीच निराधार नव्हता. पण २०१९ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून प्लॉटली मुळातच आपल्या संगणकावर आलेख काढते आणि काही मेगाबाइटांच्या एकाच फाइलीत सारे बांधून देते. ती फाइल पेन ड्राइव्हवरून नेऊन इंटरनेट नसलेल्या कचेरीतही उघडता येते. खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची करावी. ऑल्टेअर या दुसऱ्या प्रसिद्ध लायब्ररीत विशेष तजवीज केली नाही, तर दिलेला तक्ता समूळ, न वापरलेल्या रकान्यांसह, फाइलीत उतरतो. मग आलेखात गावनिहाय क्षेत्रच दिसत असले, तरी शेतकऱ्यांची नावे व मोबाइल क्रमांक फाइलीचा मजकूर उघडून पाहणाऱ्या कोणाही इसमाला मिळू शकतात. कुंभकोणम्‌ला जन्मलेल्या आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेल्या राजा सर टी. माधवरावांनी एका उताऱ्यासोबत सारे दफ्तर पाठवून दिले असते, अशी कल्पना तरी करवते का? आलेखापूर्वी नको ते रकाने काढून टाकावेत. रेषा नजरेआड करणे म्हणजे ती काढून टाकणे नव्हे.

राहता राहिला तो समज म्हणजे, तक्ता हा मुका असतो आणि आलेखच त्याला वाचा देतो. याचे खंडन करणारा गणिती, रामानुजन, कुंभकोणम्‌च्याच सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर वाढला. एखादी संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेने (ती एकटी धरून) किती प्रकारे मांडता येते, याचा १ ते २०० पर्यंतचा तक्ता गणितज्ञ मॅकमोहन यांनी हाताने सिद्ध केला होता. तो न्याहाळताना रामानुजन यांच्या ध्यानी आले की ४, ९, १४, १९ अशा दर पाचव्या ठिकाणची उत्तरे, म्हणजे ५, ३०, १३५, ४९०, पाचाने नि:शेष भागली जातात, आणि १९१९ साली त्यांनी त्याची सिद्धता प्रसिद्ध केली. २०० या संख्येपाशी उत्तर ३९,७२,९९,९०,२९,३८८ इतके प्रचंड असल्याने, याच तक्त्याचा साधा आलेख काढला तर पहिल्या दीडशे संख्यांची रेषा तळाला चिकटून बसते, आणि भाज्यतेचा मागमूसही लागत नाही. आधी पाचाने भागून उरणाऱ्या बाकीचा एक नवा रकाना करावा लागतो, आणि तो करायचे सुचण्यासाठी तक्ता वाचावा लागतो. मग मात्र आलेखात दर पाचवा बिंदू शून्यावर येतो, आणि त्यावर बाण टेकवून ज्याला पाहायचे त्याने पाहावे.