जर्मन बोलायचंय, पण कुणाशी?

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. तिथे कुशल माणसं कमी पडतात, म्हणून इथून दहा हजार तरुण पाठवायचं ठरलं. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात आणि रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकणाऱ्यांची वर्दळ आधीपासूनच होती. आता तालुक्याच्या गावातली नर्सिंग झालेली मुलगीही ‘बी टू कधी होणार’ याच हिशेबात असते, कारण परिचारिका म्हणून तिकडे पूर्ण मान्यता मिळायला साधारणपणे तेवढी पातळी लागते.

शब्द पाठ होतात, व्याकरण क्लासमध्ये समजतं. गाडी अडते ती बोलण्यापाशी. तीस जणांच्या बॅचमध्ये दीड तासात शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत, तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीनच मिनिटं येतात. घरी जर्मन बोलणारं कुणी नाही आणि खासगी शिकवणी सगळ्यांना झेपत नाही. मग रात्री जेवणं उरकली, की मोबाइल कानाला लावून मुलं एआयशी बोलू लागतात.

ही सोय अगदी अलीकडची. मार्च २०२३ मध्ये ड्युओलिंगोने जीपीटी-४ च्या आधारे संवादाचा सराव आणला. त्याच वर्षी सप्टेंबरात चॅटजीपीटीला आवाज मिळाला. बेकरीत पाव घ्यायचा आहे, घरमालकाशी भाड्याचं बोलायचं आहे, असा प्रसंग सांगितला की समोरचा आवाज ती भूमिका घेतो. वाक्य चुकलं तर दुरुस्त करतो आणि कारणही सांगतो. मराठीसारखी जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत, पण ती जुळतीलच असं नाही. आपलं ‘ते टेबल’ तिकडे पुल्लिंगी. ‘मी टेबल घेतलं’ म्हणताना विद्यार्थी ‘आइन टिश’ म्हणून मोकळा होतो; तिथे ‘आइनेन टिश’ हवं. हीच चूक वीस वेळा केली, तरी विसाव्या वेळीही तितक्याच शांतपणे सुधारून मिळते.

या शांतपणाचं मोल मोठं आहे. परकी भाषा बोलताना वाटणारी भीती हा अभ्यासाचा जुना विषय आहे. एलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ती मोजण्यासाठी प्रश्नावलीच तयार केली. त्याच सुमारास कॅनडात मेरिल स्वेन यांना वेगळीच गोष्ट दिसली. शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकलेल्या मुलांना ऐकलेलं उत्तम समजत होतं, पण त्यांचं बोलणं आणि लिहिणं मागे राहिलं होतं. स्वेन यांचं म्हणणं असं, की नुसतं ऐकून भाषा पुरती येत नाही. स्वतः वाक्य जुळवायला लागलं, की आपल्याला काय येत नाही ते कळतं. ज्याचं तोंडच उघडत नाही, त्याला एआयने बोलतं केलं, तर ते काम लहान नाही.

तरीही हा आवाज म्हणजे माणूस नव्हे, आणि फरक नेमका कुठे पडतो ते ओळखायला हवं. अनेक ॲप्समध्ये तुमचं बोलणं आधी मजकुरात उतरवलं जातं आणि उत्तर त्या मजकुराला मिळतं. उतरवताना यंत्र संदर्भावरून अंदाज बांधतं. ‘श्योन’ म्हणजे सुंदर आणि ‘शोन’ म्हणजे आधीच. तुमचा उच्चार दोन्हींच्या मधलाच झाला, तरी ते योग्य शब्द लिहून मोकळं होतं आणि तुमची चूक झाकली जाते. थेट आवाज ऐकणारी नवी यंत्रं आली आहेत, तीही बरंच समजून घेतात. वॉर्डातला आजारी म्हातारा इतकं समजून घेणार नाही. तो ‘काय म्हणालीस?’ असं विचारील, आणि ती पुन्हा सांगण्याची धडपड भाषा शिकवते. कधीकधी यंत्र व्याकरणाचं चुकीचं कारणही छातीठोकपणे देतं, हे वेगळंच.

शिवाय तो म्हातारा पुस्तकी जर्मन बोलेलच असं नाही. बाडेन-वुर्टेम्बर्गने १९९९ पासून स्वतःची जाहिरात केली ती ‘आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन सोडून’ अशी! श्वाबियन बोलीचा त्यांना अभिमान आहे, आणि ॲपवर प्रमाण भाषा घटवून श्टुटगार्टला उतरलेल्या माणसाला पहिले काही आठवडे ती जड जाते.

म्हणून एआय वापरावं, पण त्याला कामाला जुंपून. ‘माझं बोलणं संपेपर्यंत टोकू नकोस’, ‘इंग्रजीत जाऊ नकोस’, ‘अस्पष्ट वाटलं तर अंदाज न बांधता पुन्हा विचार’, ‘शेवटी माझ्या तीन मोठ्या चुका सांग’ अशा सूचना आधीच द्याव्यात. व्याकरणाबद्दल शंका आली, की शिक्षकांना विचारावं. परीक्षेच्या तयारीला मात्र जोडीदार हवाच. गोएथे संस्थेच्या बी वन परीक्षेत बोलण्याच्या भागात सहसा दोन उमेदवार समोरासमोर बसतात, एखादा बेत मिळून ठरवतात, एकमेकांचं बोलणं ऐकून प्रश्न विचारतात. आपल्याच बॅचमधला एक सोबती आजच गाठा आणि आठवड्यातून एक तास फक्त जर्मनमध्ये बोला.