रानात परत जाण्याची शाळा

पुण्याच्या कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात एके काळी बिन्नी नावाची ओरांगउटान मादी होती. नोव्हेंबर २००३ मध्ये तिला ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात हलविण्यात आले. तेव्हा तिचे वय सुमारे पंचवीस वर्षांचे होते. आपल्या जातीचा दुसरा प्राणी जवळ नसताना तिने तेथे पुढची पंधरा-सोळा वर्षे काढली आणि मे २०१९ मध्ये वयाच्या सुमारे एकेचाळिसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. भारतातील प्राणिसंग्रहालयांत त्या वेळी असलेली ती एकमेव ओरांगउटान होती.

आता हा प्राणी पाहण्यासाठी मराठी पर्यटक बोर्निओला जातात. मलेशियाच्या साबा प्रांतातील सांडाकान शहराजवळ सेपिलोक येथे ओरांगउटान पुनर्वसन केंद्र आहे आणि सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला हमखास अर्धा दिवस दिलेला असतो. मात्र हे प्राणिसंग्रहालय नव्हे, ही गोष्ट तेथे पोहोचेपर्यंत पुष्कळांच्या ध्यानात आलेली नसते. तिकीट काढले म्हणजे प्राणी दिसलाच पाहिजे, असा सेपिलोकचा करार नाही. उलट, ज्या दिवशी एकही ओरांगउटान मचाणाकडे फिरकत नाही, तो दिवस तेथील कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने वाईट नसतो.

हे उफराटे गणित समजून घ्यायचे, तर ओरांगउटानाच्या बालपणापासून सुरुवात करावी लागते. मलय भाषेत या नावाचा अर्थच 'रानातला माणूस' असा आहे. मादीला एका वेळी बहुधा एकच पिलू होते आणि दोन बाळंतपणांमध्ये सात-आठ वर्षांचे अंतर असते. सस्तन प्राण्यांत इतके मोठे अंतर क्वचितच आढळते. तेवढा सारा काळ पिलू आईच्या सोबत असते. कोणते फळ केव्हा पिकते, कोणती साल सोलून खाता येते, कोणती फांदी आपला भार पेलते, हे सर्व ते आईकडे पाहून शिकते. रोज संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून नवी शेज रचण्याची कलाही त्याला उपजत येत नाही. आई गेली की पिलाचे दूध तुटते, आणि त्याबरोबर त्याचे सात-आठ वर्षांचे शिक्षणही बुडते.

आई जाते ती बहुतेक वेळा माणसामुळे. जंगल तोडून तेलताडाचे मळे उभे राहतात, उपाशी मादी मळ्यात शिरते आणि मारली जाते. तिच्या अंगाला बिलगलेले पिलू पाळण्यासाठी विकले जाते. हे दूरदेशीचे दुखणे वाटेल. पण पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार देश भारत आहे, आणि हिंगोलीच्या मोंढ्यात सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्याला मिळणारा भाव ज्या गोष्टींवर ठरतो, त्यांत या आयात तेलाची किंमतही असते. बोर्निओचे जंगल आणि कयाधूकाठचे सोयाबीन ही एकाच बाजाराची दोन टोके होत.

सेपिलोकचे केंद्र १९६४ मध्ये सुरू झाले. त्याआधी शेजारच्या सारावाक प्रांतात बार्बरा हॅरिसन यांनी लोकांकडून जप्त केलेली पिले स्वतःच्या घरी वाढविण्याचा आणि त्यांना रानाची सवय लावण्याचा प्रयोग केला होता. त्या अनुभवातूनच अशा केंद्रांची कल्पना आकाराला आली. सेपिलोकभोवती सुमारे ४३ चौरस किलोमीटरचे राखीव वर्षावन आहे. आणलेले पिलू प्रथम वेगळे ठेवून त्याची तपासणी केली जाते, कारण क्षयासारखे माणसाचे रोग ओरांगउटानाला सहज जडतात. मग बालवर्ग सुरू होतो. दोरावर लोंबकळणे, फांदी पकडणे, जमिनीवर न उतरता एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणे, असा तेथील अभ्यासक्रम असतो. लहान पिलाला थोड्या मोठ्या पिलाची सोबत देतात, म्हणजे माणसाकडे पाहून शिकण्याऐवजी ते आपल्याच जातीच्या सोबत्याकडे पाहून शिकते.

पुढची पायरी जंगलातील मचाणाची. तेथे सकाळी दहा आणि दुपारी तीन वाजता फळे ठेवली जातात आणि पर्यटक हेच दृश्य पाहतात. या खाण्यात मुद्दामच फारसा बदल केला जात नाही. रोज तेच ते खाऊन प्राण्याला कंटाळा यावा आणि त्याने रानात स्वतःचे अन्न शोधावे, हा त्यामागचा हेतू! आईनेच जेवण बेचव करावे, म्हणजे मूल कमवायला बाहेर पडेल, अशातला हा प्रकार. जो प्राणी खरोखर शिकला, तो मचाणाकडे येणे हळूहळू कमी करतो आणि एके दिवशी येतच नाही. म्हणून रिकामे मचाण पाहून हिरमुसलेल्या पर्यटकाने वास्तविक केंद्राचे अभिनंदन करायला हवे. प्राण्याला हात लावू नये, खायला देऊ नये, सर्दी-खोकला असेल तर जाऊ नये, हे तेथील नियमही याच शिक्षणाचा भाग आहेत. माणसाविषयी ओढ निर्माण झालेला प्राणी रानात टिकत नाही.

बोर्निओला जाणे सर्वांना शक्य नाही. पण आई मारली गेलेल्या माकडाच्या पिलाची गोष्ट महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकालाही घडलेली आहे. हिंगोलीहून यवतमाळ, चंद्रपूर आणि आलापल्ली मागे टाकत गेले की गडचिरोली जिल्ह्याच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा लागते. हे वर्षावन नव्हे. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबूचे पानझडी जंगल आहे. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या नद्यांचा संगम येथून जवळच आहे. पावसाळ्यात नदीनाले फुगून या भागातील रस्ते बंद पडतात, त्यामुळे जाणाऱ्याने हिवाळाच निवडावा.

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात केली आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया आदिवासींसाठी दवाखाना चालविण्यास प्रारंभ केला. सुरुवातीच्या त्या दिवसांतच प्रकाश आमटे यांना वाटेत शिकारीहून परतणारे काही आदिवासी भेटले. त्यांच्या बांबूला मारलेली माकडीण लटकत होती आणि तिच्या छातीला जिवंत पिलू बिलगलेले होते. मेलेल्या आईचे दूध पिण्याची त्याची धडपड चालली होती. आमटे यांनी तांदूळ आणि कपडे देऊन ते पिलू मागून घेतले. लाल तोंडाच्या त्या माकडिणीचे नाव बबली. हेमलकशाच्या प्राणी अनाथालयाची ती पहिली रहिवासी.

या प्रसंगात शिकाऱ्यांना खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. ती माणसे हौसेने शिकार करीत नव्हती. त्यांच्या घरी दोन वेळचे अन्न नव्हते. आमटे यांनी त्यांना उपदेश केला नाही. शिकारीत पिले सापडली तर ती आपल्याकडे आणून द्या, बदल्यात धान्य देऊ, असा व्यवहार त्यांनी सुचविला आणि तो लोकांना पटला. मग बिबट्या, अस्वल, कोल्हे, हरणे, रानमांजरे, शेकरू, मगर, साप, घुबडे असा गोतावळाच अंगणात जमू लागला. त्यांतील एका बिबट्यावर प्रकल्पातील कार्यकर्ते विलास मनोहर यांनी लिहिलेले 'नेगल' हे पुस्तक मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. बिबट्याला सोबत घेऊन फिरायला निघालेले डॉक्टर ही प्रतिमा महाराष्ट्राच्या मनात घर करून बसली, आणि आजही अनेक जण ती डोळ्यांपुढे ठेवूनच हेमलकशाला जातात.

सेपिलोक आणि हेमलकसा यांतील फरक येथेच स्पष्ट होतो. सेपिलोक ही शाळा आहे आणि विद्यार्थी निघून जावेत म्हणून ती चालते. हेमलकसा हे अनाथालय आहे. परत जाऊ न शकणाऱ्यांचे ते कायमचे घर. माणसाच्या मांडीवर वाढलेल्या बिबट्याला माणसाचे भय उरत नाही. भूक लागली की तो गावाकडे येतो, आणि तो प्रेमाने आला आहे हे गावकऱ्यांना कळण्याचा मार्ग नसतो. त्याला सोडणे म्हणजे त्याचा आणि कदाचित एखाद्या माणसाचाही जीव धोक्यात घालणे होय. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. प्राणिसंग्रहालयांवर देखरेख ठेवणारे केंद्रीय प्राधिकरण १९९२ मध्ये स्थापन झाले. बबली त्या प्राधिकरणाच्या कितीतरी आधीची. अंगणातले प्राणी पुढे पिंजऱ्यांत गेले. सहज माणुसकीतून सुरू झालेले घर आणि सरकारी नियमांची चौकट यांचा मेळ बसणे सोपे नव्हते. पण हेमलकशाची ती जवळीक त्या परिस्थितीत आणि त्या माणसांना साधली. तिचा धडा घरोघरी गिरविण्यासारखा नाही, हे मान्य करावे लागते.

मग महाराष्ट्रात परतीचा प्रयत्न झालाच नाही का? झाला, आणि तोही हिंगोलीच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पिलासाठी. 'अवनी' या नावाने गाजलेली टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगाव परिसरात गोळीला बळी पडली. तिच्या दोन बछड्यांपैकी मादी डिसेंबर २०१८ मध्ये पकडण्यात आली आणि तिला पेंच व्याघ्र प्रकल्पातील मोठ्या कुंपणबंद जंगलात ठेवण्यात आले. माणसाशी संपर्क जवळजवळ तोडून, तिची तिलाच शिकार करता यावी अशी व्यवस्था करण्यात आली. दोन वर्षांहून अधिक काळ ही तयारी चालली. मार्च २०२१ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर बांधून तिला पेंचच्या जंगलात सोडण्यात आले. काही दिवसांतच दुसऱ्या वाघाशी झालेल्या झुंजीत ती जखमी झाली आणि मरण पावली.

त्या वेळी टीका पुष्कळ झाली. परंतु शिकार करणे कुंपणात शिकविता येते; दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल कधी टाकू नये, हे शिकविता येत नाही, किंवा निदान अद्याप तरी माणसाला ते साधलेले नाही. रानात मोकळी जागा शिल्लक आहे का, हा प्रश्न प्रशिक्षणाइतकाच महत्त्वाचा ठरतो. ओरांगउटानाच्या बाबतीतही तीच अडचण आहे. केंद्रांत प्राणी वाढत जातात आणि त्यांना सोडावे असे सुरक्षित जंगल आक्रसत जाते.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे पुनर्वसन मात्र केंद्राबाहेरच होते, आणि त्याचा वस्तुपाठ जुन्नर परिसरातील उसाच्या फडांनी घालून दिला आहे. ऊसतोड सुरू झाली की बिबट्याची पिले सापडतात. लोकांना ती अनाथ वाटतात. प्रत्यक्षात आई जवळपासच दडलेली असते. पिलांची तपासणी करून, ती जेथे सापडली तेथेच संध्याकाळी क्रेटमध्ये ठेवली जातात आणि माणसे दूर होतात. अंधार पडला की मादी येते, क्रेट उलथते आणि एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते. वन विभाग आणि माणिकडोह निवारा केंद्राच्या पथकांनी अशा भेटी अनेकदा घडवून आणल्या आहेत. ना पिंजरा, ना शाळा, ना दोन वर्षांची तयारी. लागतो तो फक्त एका रात्रीचा धीर.

हिंगोली जिल्ह्याशी या विषयाचा संबंध येतो तो इथेच. वसमत भागातही ऊस आहे, ऊसतोडीत येथेही पिले सापडतात, आणि बिबट्याची म्हणून गाजलेली पिले अनेकदा रानमांजराची निघतात. काळ्या तोंडाची वानरे तर गावोगावी आहेत. तुरीच्या शेंगा आणि हरभरा खाणाऱ्या त्या कळपांविषयी शेतकऱ्याच्या मनात राग आहे आणि तो अकारण नाही. तरीही विजेच्या तारेला चिकटून वानरीण मेली आणि तिच्या पोटाशी पिलू राहिले, की त्याच गावातील कोणीतरी त्याला घरी नेतो, बाटलीने दूध पाजतो, अंगरखा घालतो. दोन वर्षे त्याचे कौतुक होते. मग पिलाचे पूर्ण वाढलेले वानर होते, एखाद्या मुलाला चावते, आणि साखळीला बांधले जाते. कळप तोपर्यंत त्याला विसरलेला असतो.

वानरांच्या कळपात आईखेरीज इतर माद्याही पिले उचलून अंगाशी धरतात, हे अभ्यासकांनी नोंदविलेले आहे. त्यामुळे पिलाला जखम नसेल आणि कळप जवळच्या झाडांवर रेंगाळत असेल, तर पहिले काही तास मोलाचे असतात. गर्दी हटवावी, कुत्री बांधावीत, पिलाला दूध वा बिस्किटे भरवू नयेत आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. वन्यप्राणी घरी ठेवणे हा गुन्हा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कर्मचारी येईपर्यंत पिलू उचलावेच लागले, तर हवा खेळेल अशा खोक्यात, सुती कापडावर, अंधाऱ्या आणि शांत जागी ते ठेवावे. त्याचे छायाचित्र काढण्यासाठी झाकण पुन्हा पुन्हा उघडू नये.