पॉलिसी तीच, नियम नवे

मधुमेह किंवा रक्तदाब आधीपासून असलेल्या माणसाने आरोग्य विमा घेतला, की त्या आजाराच्या दाव्यासाठी चार वर्षांपर्यंत थांबावे लागे. विमा नियामक ‘इर्डाई’ने १ एप्रिल २०२४पासून ही कमाल मर्यादा तीन वर्षांवर आणली. कंपनी त्याहून कमी काळही ठेवू शकते.

दुसरा बदल फारसा चर्चेत नाही, पण मोलाचा आहे. पॉलिसी सलग पाच वर्षे चालू राहिली, की ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच अपवाद. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. मात्र मध्येच विम्याची रक्कम पाच लाखांवरून दहा लाख केली, तर वाढीव पाच लाखांसाठी मोजणी नव्याने सुरू होते.

कॅशलेस उपचारांच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात, तर डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा आहे.

खिशाला थेट जाणवलेला बदल २२ सप्टेंबर २०२५चा. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी त्या दिवसापासून शून्य झाला. म्हणजे २०,००० रुपयांच्या हप्त्यावरचे ३,६०० रुपये वाचले. नोकरीतल्या सामूहिक विम्याला ही सवलत नाही.