खाणीचा श्वास

आपल्या भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात, चिखला हे गाव आहे. तेथे जमिनीखाली मँगनीजची खाण आहे. ती ‘मॉइल’ या सरकारी कंपनीची आहे. मँगनीज पोलाद बनवण्यासाठी लागते, हे तुम्ही भूगोलात वाचले असेल. पण जमिनीखाली काम करणारा कामगार श्वास कसा घेतो, याचा कधी विचार केला आहे का?

अशा खाणीत सुरुंग लावून खडक फोडतात. त्या वेळी विषारी वायू आणि धूळ पसरते. नव्या बोगद्याचे पुढचे टोक बंद असते. तेथे हवा आपोआप खेळत नाही. म्हणून पंखा लावून लांब नळीतून ताजी हवा टोकापर्यंत पोहोचवतात.

ही नळी किती रुंद असावी? एक सोपा प्रयोग करा. पपईच्या वाळलेल्या पोकळ देठातून फुंका. हवा सहज बाहेर येते. आता बॉलपेनच्या रिकाम्या, टोक काढलेल्या रिफिलमधून फुंका. गाल दुखतात, पण हवा थोडीच येते. असे का होते? हवा नळीच्या आतल्या बाजूला घासत जाते. या घर्षणामुळे तिचा दाब कमी होतो.

आता थोडे गणित करू. ६० सेंटिमीटर व्यासाच्या नळीऐवजी ३० सेंटिमीटरची नळी लावली, तर तिच्या तोंडाचे क्षेत्रफळ पाव होते. तेवढीच हवा न्यायची तर तिचा वेग चौपट करावा लागतो. वेग चौपट झाला की दाबाची घट सोळापट होते. शिवाय व्यास निम्मा झाल्यामुळे ती आणखी दुप्पट होते. म्हणजे सुमारे बत्तीसपट! नळीची लांबी, वळणे आणि फाटलेले सांधे यांमुळेही हवा कमी पोहोचते.

नेहमीच्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. खाणीतील हवेत तो १९ टक्क्यांपेक्षा कमी नसावा, असे १९६१ च्या खाण नियमांत सांगितले आहे.

नळी अरुंद असली तरी पंखा फिरतो, आवाजही करतो. पण टोकाशी उभ्या असलेल्या माणसाचा जीव मात्र गुदमरतो. म्हणून मित्रांनो, पंखा चालू आहे एवढ्यावर समाधान मानू नये. हवा शेवटच्या माणसापर्यंत पोहोचते का, हे पाहावे.