खडकाला गावाचे नाव, खनिजाला माणसाचे

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत बसले, की गुदमा मागे पडते आणि आमगाव येते. फलाटावरच्या पाटीवर नुसते गावाचे नाव असते. भूविज्ञानाच्या ग्रंथांत मात्र हे नाव एका वेगळ्याच कारणाने छापले जाते. या परिसरातील अतिप्राचीन खडकांच्या समूहाला ‘आमगाव नाइस’ म्हणतात. प्रचंड दाब आणि उष्णता यांमुळे रूपांतर होऊन ज्या खडकात फिकट-गडद पट्टे उमटतात तो नाइस. मराठीत त्याला पट्टिताश्म असा शब्द आहे.

याच रेल्वेमार्गावर पुढे डोंगरगड आणि राजनांदगाव लागतात. ही नावेही खडकांना मिळाली आहेत. प्रा. एस. एन. सरकार यांनी १९५७-५८ साली भंडारा-दुर्ग-बालाघाट भागातील खडकांची मांडणी प्रसिद्ध केली, तेव्हापासून ‘डोंगरगड’ हे नाव भूविज्ञानात रूढ झाले. (गोंदिया जिल्हा त्या वेळी नव्हता; तो भंडाऱ्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला.) सरकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली यांतील बिजली रायोलाइट या ज्वालामुखीजन्य खडकाचे वय रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने सुमारे २१८ कोटी वर्षे काढले. पुढे झालेल्या मोजणीत ते २५० कोटींच्या आसपास आले. आकडा बदलला, नाव मात्र तेच राहिले.

या सगळ्यात सरकारांचे स्वतःचे नाव कोणत्याही खडकाला नाही, कारण तसा प्रघातच नाही. खडकांच्या थरांना, समूहांना नाव द्यायचे ते जिथे ते चांगले पाहायला मिळतात त्या गावाचे, नदीचे किंवा डोंगराचे. यामागचा विचार व्यवहारी आहे. दुसऱ्या कोणाला शंका आली, तर त्याने त्या गावी जावे आणि स्वतः पाहावे. नाव हाच पत्ता.

खनिजांची रीत वेगळी. तिथे माणसांची नावे चालतात, आणि भूवैज्ञानिकांचा सन्मान करण्याची ही एक जुनी पद्धत आहे. आपल्या शेजारच्या मँगनीज पट्ट्यात तिची उदाहरणे विपुल आहेत. बालाघाट, भंडारा, नागपूर, छिंदवाडा असा हा पट्टा पसरला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेत १९०२ साली दाखल झालेले लुई ले फर्मोर यांनी या पट्ट्यासह देशभरातील मँगनीज साठ्यांचा अभ्यास करून १९०९ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. काम करताना नवी वाटणारी खनिजे सापडत गेली आणि त्यांची बारशीही होत गेली. नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीच्या खाणीतील एका खनिजाला त्यांनी सहकारी व्रेडेनबर्ग यांच्यावरून व्रेडेनबर्गाइट म्हटले. झाबुआतील काजलीडोंगरीच्या एका खनिजाला सर्वेक्षणाचे संचालक हॉलंड यांच्यावरून हॉलंडाइट म्हटले. वरिष्ठांचे नाव खनिजाला देणे हे वाचून आजच्या कचेरीतला माणूस गालात हसेल! पण फर्मोर यांनी त्याच खाणीतील दुसऱ्या एका खनिजाला हॉवर्ड विंच यांचे नाव दिले. ते खनिज प्रथम विंच यांच्याच हाती लागले होते. १९१० साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील स्मिथ आणि प्रायर यांनी छिंदवाड्याजवळच्या सीतापारच्या एका खनिजाला फर्मोराइट नाव देऊन फर्मोर यांनाही मान दिला. शोध लावणाऱ्याने स्वतःचेच नाव खनिजाला देऊ नये, हा या क्षेत्रातला शिष्टाचार आहे.

आता यांतील किती नावे टिकली ते पाहू. व्रेडेनबर्गाइटकडे पुढे बारकाईने पाहिले, तेव्हा ते एक खनिज नसून जेकबसाइट व हॉसमनाइट या दोन खनिजांची गुंतागुंत निघाली. फर्मोर यांचे सीतापाराइट हे आधीच ज्ञात असलेले बिक्सबाइट ठरले, म्हणून जुने नाव कायम झाले. आणि खुद्द फर्मोराइट? ॲपेटाइट कुळातील खनिजांची नामावली २०१० साली नव्याने लावली गेली. त्या वेळी फर्मोराइट हे स्वतंत्र खनिज राहिले नाही. ते जॉनबॉमाइटचाच एक प्रकार म्हणून नोंदले गेले. शंभर वर्षांनी मान परत घेतला गेला, आणि त्यात फर्मोर यांचा अवमान झाला असे कोणी मानले नाही. शिळेवर कोरलेल्या नावापेक्षा हा सन्मान मला अधिक आवडतो, कारण तो तपासणीला खुला असतो. १९५९ पासून आंतरराष्ट्रीय खनिजविज्ञान संघटनेचा एक आयोग हे काम पाहतो. रासायनिक घटक आणि स्फटिकरचना यांचा पुरावा पाहूनच तो नाव मान्य करतो.

हॉलंडाइट आणि विंचाइट ही नावे मात्र टिकली. हॉलंडाइटच्या स्फटिकात मँगनीज व ऑक्सिजन यांच्या साखळ्यांमध्ये लांबट पोकळ बोगदे असतात आणि त्यांत बेरियमचे मोठे अणू बसतात. हीच रचना असलेला कृत्रिम पदार्थ किरणोत्सारी कचऱ्यातील सीझियम अडकवून ठेवण्यासाठी सुचवला गेला.

पदके आणि पुरस्कार हा सन्मानाचा दुसरा मार्ग. डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी रामटेकजवळच्या देवलापार भागात खडकांचे प्रचंड पट्टे दूरवरून सरकत येऊन दुसऱ्या खडकांवर चढल्याचे १९३६ साली दाखवले. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने त्यांना १९५० साली लायल पदक दिले. भारतीय सर्वेक्षणाच्या संचालकपदावरून निवृत्त झाल्यावर ते मायदेशी परतले नाहीत. सागर विद्यापीठात भूविज्ञान विभाग उभारून शिकवत राहिले. आपल्या केंद्र सरकारने १९६६ साली राष्ट्रीय खनिज पुरस्कार सुरू केले. २००९ पासून ते राष्ट्रीय भूविज्ञान पुरस्कार म्हणून ओळखले जातात. पण वेस्ट यांच्याकडे शिकून डोंगरदऱ्यांत गेलेल्यांची मोजदाद कोणत्या पदकात करणार?

एक नाव या सगळ्यांपेक्षा वेगळे आहे. मँगनीजयुक्त गार्नेट आणि गार (क्वार्ट्‌झ) यांनी बनलेल्या रूपांतरित खडकाला फर्मोर यांनी ‘गोंडाइट’ म्हटले. हे नाव गावाचेही नाही आणि साहेबाचेही नाही. ते या मुलखातील गोंड लोकांचे आहे. त्याआधी गोंडांच्या राज्यावरून ‘गोंडवन’ हे नाव भूविज्ञानात आलेच होते. गोंदियाचे नाव गोंडांवरून पडले की गोंद म्हणजे डिंकावरून, याबद्दल दोन्ही मते सांगितली जातात. गोंडाइटच्या बाबतीत तो वाद नाही.

हा खडक वर्गात दाखवण्याजोगा आहे. मँगनीज पट्ट्यातील कोणा परिचितांकडून एक तुकडा मिळवावा. बाहेरून तो बहुधा काळपट असतो. ताज्या फुटलेल्या पृष्ठावर मात्र तपकिरी-नारिंगी दाणे चमकतात. मुलांना आधी तो हातात धरून तेवढ्याच आकाराच्या गारगोटीशी तोलू द्यावा. मग ताणकाट्यावर हवेत व पाण्यात वजन करून घनता काढावी. गारेची घनता २.६५ आणि या गार्नेटची सुमारे ४.२ असते. निम्मी गार आणि निम्मे गार्नेट असेल, तर उत्तर ३.४ च्या जवळपास येते. तुमच्या तुकड्याचे ३.१ आले, तर गार्नेट किती, ते मुलांनाच काढू द्यावे.