बैलाच्या चढाने

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेला तीन खोरी एकमेकांना खेटून आहेत. कृष्णा, वेण्णा आणि कोयना या तिन्ही नद्या महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावतात आणि तिथून आपापल्या वाटेला लागतात. कृष्णा धोम धरण भरून वाईत येते. वेण्णा मेढ्यावरून, कण्हेर धरणातून साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते. कोयना मात्र सह्याद्रीच्या कण्याला समांतर साठ-पासष्ट किलोमीटर दक्षिणेला जाते, हेळवाकला एकदम पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेत शिरते. पुण्या-मुंबईचे सायकलस्वार गेली काही वर्षे या खोऱ्यांत मोठ्या संख्येने येत आहेत. त्यांच्या गप्पांत मार्गाची किंमत ठरते ती एकूण किती मीटर चढ झाला यावर. हे मोजमाप अपुरे आहे. रस्ता सायकलीला मानवतो की नाही, हे उंचीपेक्षा चढाच्या दरावर अवलंबून असते, आणि या भागातल्या चांगल्या रस्त्यांचा तो दर इंजिनाच्या आधी बैलाने ठरवलेला आहे.

पसरणी घाटाचेच गणित मांडून पाहू. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडी वर, पाचगणी तेराशेच्या आसपास, आणि मधले अंतर सुमारे 12 किलोमीटर. म्हणजे सरासरी चढ पाच टक्क्यांच्या किंचित आत, जुन्या भाषेत वीसास एक. सायकल धरून 80 किलो वजनाचा हौशी माणूस सातत्याने दीडशे वॉट ताकद लावू शकत असेल, तर या चढावर तो ताशी बारा किलोमीटरने जातो आणि तासाभरात पाचगणीला पोचतो. पुढची चाकी 34 दातांची आणि मागची 28 दातांची असेल, तर त्याचे पाय मिनिटाला ऐंशी फेऱ्या मारत असतात, आणि ही गती गुडघ्यांना मानवणारी आहे. आता हाच माणूस, हीच ताकद, हेच गिअर ठेवून चढ दहा टक्के करा. वेग साडेसहावर येतो आणि पाय मिनिटाला जेमतेम चाळीस-बेचाळीस फेऱ्यांवर. प्रत्येक फेरीत पेडलवर जवळपास दुप्पट जोर द्यावा लागतो. छाती अजून शाबूत असते, पण मांड्या भरून येतात आणि पुढच्या वळणावर माणूस उतरून सायकल ढकलू लागतो. डोंगराची उंची दोन्ही वेळा तीच असली, तरी एका रस्त्यावर प्रवास होतो आणि दुसऱ्यावर कुस्ती.

हा वीसास एक आला कुठून? सह्याद्री ओलांडण्याच्या जुन्या वाटा लमाणांच्या बैलतांड्यांच्या होत्या. पाठीवर गोणी घेतलेला बैल चांगला उभा चढ चढतो, त्यामुळे त्या वाटा थेट डोंगराच्या अंगावर गेल्या. महाबळेश्वरावरून जावळीत उतरणारा रडतोंडी घाट हा त्यातलाच. 1659 साली अफझलखानाचे सैन्य या वाटेने उतरले, तेव्हा हत्ती-घोड्यांचे आणि तोफांचे काय हाल झाले असतील याची कल्पना आजही तिथली उतरण पाहून येते. गाडीला जुंपलेल्या बैलाची गोष्ट वेगळी असते. चढावर गाडीचे वजन मागे ओढते, पाय घसरतो आणि खांदा सोलवटतो. एकोणिसाव्या शतकात बोर घाटापासून (1830) पुढे गाडीरस्ते बांधले गेले, तेव्हा अभियंत्यांना डोंगराची उंची कमी करता येत नव्हती, म्हणून त्यांनी अंतर वाढवले. वळसे घेतले, नागमोडी आखणी केली, आणि भरली गाडी न थांबता वर जाईल इतपत चढ ठेवला. पसरणी, आंबेनळी आणि कुंभार्ली हे घाट या परंपरेतले. बैल आणि सायकलस्वार यांच्यात साम्य एवढेच की दोघांकडे ताकद थोडी असते आणि ती बराच वेळ पुरवायची असते. गाडीरस्त्याची सारी आखणी याच अडचणीभोवती झालेली आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. मालट्रकलाही उभा चढ नको असतो आणि आजचे रस्त्यांचे निकषही डोंगरी भागात साधारण पाच-सहा टक्क्यांचीच शिफारस करतात, मग श्रेय बैलाला कशाला? आक्षेप निम्मा खरा आहे. मोठ्या रस्त्यांवर इंजिनाने बैलाचाच दर पुढे चालवला. एवढेच नव्हे, हेअरपिनसारख्या वळणावर चढ चाळीसास एकपर्यंत उतरवावा असा संकेत आहे, आणि चांगल्या घाटात वळण आले की सायकलस्वाराला श्वास घ्यायला काही मीटर मिळतात ते त्यामुळेच. फरक उघडा पडतो तो आडबाजूला. गेल्या काही दशकांत वाड्या-वस्त्यांना जोडणारे जे डांबरी रस्ते झाले, त्यांत रस्त्याची लांबी वाढली की खर्च वाढतो हा हिशेब मुख्य होता. जीप आणि दुचाकी पहिल्या गिअरमध्ये चढून जातेच, मग वळसा कशाला? परिणामी मध्येच शे-दोनशे मीटरचा बारा-पंधरा टक्क्यांचा तुकडा येतो. नकाशावर हे रस्ते मोहक दिसतात, डांबर नवे असते, वाहने नसतात, तरी ते सायकलीसाठी आखलेले नाहीत हे पायांना लगेच कळते.

या म्हणण्याची खरी कसोटी कोयनेच्या खोऱ्यात लागते, कारण एकाच नदीचे दोन भाग तिथे शेजारी शेजारी तपासता येतात. कोयना धरणाच्या खाली, कोयनानगरपासून पाटणमार्गे कऱ्हाडपर्यंत, रस्ता नदीच्या सोबतीने जातो. उतार इतका सावकाश की तो डोळ्यांना दिसत नाही, फक्त सायकल थोडी हलकी वाटते. नवशिक्यालाही हा टप्पा जमतो. धरणाच्या वर मात्र खोऱ्याचा तळच उरलेला नाही. 1960च्या दशकात धरण झाले आणि त्याच्या शिवसागर जलाशयाचे पाणी पन्नासेक किलोमीटर मागे पसरले. गावे वर सरकली तसे रस्तेही वर सरकले. काठाने जाणारा रस्ता आता प्रत्येक सोंडेवर चढतो, प्रत्येक ओढ्याला उतरतो, पुन्हा चढतो. तापोळा-बामणोलीच्या बाजूला सरासरी चढ काढला तर आकडा भरतो दोन-अडीच टक्के, म्हणजे पसरणीच्या निम्मा, आणि तरीही दमणूक जास्त होते. सरासरी इथे साफ फसवते. पाणी आडवे आले की रस्ता संपतो आणि सायकल लाँचमध्ये किंवा तराफ्यावर घालावी लागते. (ही गैरसोय काहींना सहलीतला सर्वांत सुंदर भाग वाटते, आणि त्यांचेही चुकत नाही.) मुद्दा एवढाच, की नदीकाठची सपाटी हरवली की डोंगराळ भागात सायकलीचा सोपा मार्ग हरवतो. तो नव्या आखणीने सहसा परत मिळत नाही.

दुसरा आक्षेप गर्दीचा. जुने घाट म्हणजेच पर्यटनाचे घाट. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत पसरणीत मोटारींची रांग लागते, धूर नाकात जातो, आणि आरशात न पाहता वळणारी वाहने जीव घाबरवतात. मग सौम्य चढाचा उपयोग काय? याला वेळ हेच उत्तर आहे. पर्यटक उशिरा निघतो. पहाटे वाई सोडणारा सायकलस्वार मोटारी सुरू होण्याआधी पाचगणीच्या टेबललँड पठाराच्या पायथ्याशी असतो. शनिवार-रविवार टाळता आला तर आणखी बरे. खोऱ्याच्या तळाशी वेगळाच अडथळा असतो, आणि तो उसाच्या गळिताच्या हंगामात, म्हणजे नेमका सायकलीला हवा तेव्हा. भुईंज, शेंद्रे, यशवंतनगर इथल्या साखर कारखान्यांच्या वाटांवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावतात, ऊस दोन्ही अंगांनी रस्त्यावर झुकलेला असतो, मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच असे नाही. अंधारात या रस्त्यांवर सायकल घालू नये हे स्पष्ट सांगायला हवे. दिवसा मात्र ओव्हरटेक करायला भरपूर वाव असतो. त्याच वाटांवर टायरच्या बैलगाड्याही दिसतात. बीडकडून आलेली तोडणीची टोळी पाठोपाठ गाड्या हाकत असते, ऊस जुवाच्या पुढपर्यंत रचलेला असतो, आणि चढ लागला की गाडीवान खाली उतरून बैलांच्या बाजूने चालू लागतो. रस्त्याचा चढ कुठे किती आहे हे समजून घ्यायला त्याच्या उतरण्याच्या जागा पाहाव्यात, मोबाइलमधल्या आलेखापेक्षा त्या जास्त खऱ्या असतात.

तिसरा आक्षेप पावसाचा आहे आणि तो सर्वांत जड आहे. 22-23 जुलै 2021 रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला आणि परिसरातल्या घाटांत ठिकठिकाणी दरडी आल्या, रस्ते खचले. जुनी आखणी अशा पावसाला पुरत नाही, तेव्हा घाट रुंद आणि सरळ करा, असे म्हटले जाते. रुंदीकरणाची गरज काही ठिकाणी आहेच. पण रुंदी मिळते ती डोंगराच्या बाजूला उभे कापून, आणि तो उघडा पडलेला, भिजलेला कापच पुढच्या पावसाळ्यात रस्त्यावर येतो. वळणे कापून रस्ता सरळ केला तर अंतर घटते आणि चढ आपोआप वाढतो, कारण उंची कोणी कापत नाही. खंबाटकी घाटात जसा बोगदा काढून वाहतुकीचा एक भाग डोंगराखालून नेला, तसा पर्याय मोठ्या वाहनांसाठी जिथे परवडेल तिथे शोधावा आणि जुन्या घाटाच्या मोऱ्या, गटारे, कठडे तेवढे नीट राखावेत. खर्चाच्या हिशेबात हे नेहमी बसेल असे नाही, पण घाट रुंद करताना सायकलस्वार आणि बैलगाडी या दोघांची नोंद आराखड्यात कुठेच नसते, हे बदलायला बोगद्याइतका पैसा लागत नाही.

ज्याला हे सगळे एका फेरीत तपासायचे असेल, त्याने वाईतून निघावे. पसरणीने वर, पाचगणीवरून महाबळेश्वर, मग केळघर घाटाने वेण्णेच्या खोऱ्यात उतरून मेढा, कण्हेरच्या पाण्याकडेने सातारा, आणि पाचवडमार्गे परत वाई, अशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपासची ही फेरी होते. दिशा उलटी करू नये. केळघर अरुंद आहे, पावसाळ्यानंतर त्यात खडी पसरलेली असते, आणि भरून आलेल्या पायांनी तो चढण्यापेक्षा ताज्या हातांनी, दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत उतरणे सोपे जाते. ब्रेक सलग धरून ठेवला तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. उतार संपतो तिथे केळघर गावात चहा मिळतो.